मजकूर आणि मांडणी: एका फारकतीची गोष्ट

मंडळी, आज जरा वेगळा इतिहास. लढायांचा नाही आणि तहांचाही नाही. पडद्यावर आपण रोज जी पाने वाचतो, ती सजवण्याची रीत कशी घडत गेली, त्याचा. नातवंडांना तो जुनाट वाटेल, माझ्या वयाच्या मंडळींना नवा.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत एचटीएमएल तयार केली, ती शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांसाठी. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच ती सांगे. शीर्षक कोणत्या रंगाचे, याची तिला फिकीर नव्हती. पुढे दुकाने आणि वर्तमानपत्रे महाजालावर आली आणि प्रत्येकाला आपले पान देखणे हवे झाले. मग संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी एक युक्ती काढली. टेबल हे खरे तर आकड्यांच्या तक्त्यासाठी. त्याच्या रेषा लपवायच्या आणि चौकटींत मजकूर बसवायचा. मोकळी जागा हवी तिथे एका ठिपक्याचे पारदर्शक चित्र ताणून ठेवायचे. पान वरून छान दिसे, आत मात्र नुसता गुंता. शंभर पानांतल्या शीर्षकांचा रंग बदलायचा, तर शंभर पाने उघडायची! आणि अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम टेबलात टेबल आले की गोंधळून जाई.

यावरचा उपाय त्याआधीच सुचवला गेला होता. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये सर्नमध्येच काम करणाऱ्या हॉकून व्हिउम ली या नॉर्वेच्या तरुणाने स्टाइल शीटचा प्रस्ताव मांडला. मजकूर एका फाइलीत, सजावटीचे नियम दुसऱ्या फाइलीत. बर्ट बॉस यांची साथ मिळाली आणि १९९६च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली. यात लेखकाबरोबर वाचकालाही आपले नियम लावण्याची मुभा होती. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत तर असे ठरले, की वाचकाने एखादा नियम महत्त्वाचा म्हणून नोंदवला, तर अखेरचा शब्द त्याचा. अक्षर मोठे केल्याशिवाय ज्यांना वाचता येत नाही, अशा माझ्यासारखीला या नियमाचे मोल चांगले कळते.

पण नियम कागदावर राहिले. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टच्या चढाओढीत प्रत्येक ब्राउझर आपल्या तऱ्हेने वागे. एक उदाहरण देते. चौकटीची रुंदी ३०० ठिपके लिहिली, आत दोन्ही बाजूंना २० ठिपके मोकळे सोडले आणि ५ ठिपक्यांची कड लावली, तर नियमाप्रमाणे एकूण रुंदी ३५० होते. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र सगळे ३००मध्येच कोंबे. गणित एकच आणि उत्तरे दोन! वैतागलेल्या कारागिरांनी १९९८मध्ये 'वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट' सुरू केला आणि ब्राउझर कंपन्यांकडे नियम पाळण्याचा आग्रह धरला.

मुरलेल्या कारागिरांची पद्धत याच काळात ठरली. आधी मजकूर अर्थाप्रमाणे मांडायचा. सजावट काढूनही पान नीट वाचता येते ना, ते पाहायचे. मग स्टाइल शीट लिहायची, नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये तपासायची आणि हट्टी ब्राउझरांची समजूत शेवटी काढायची. २००२मध्ये डग्लस बोमन यांनी 'वायर्ड न्यूज'चे मोठे स्थळ मांडणीसाठी टेबले न वापरता नव्याने रचून दाखवले. पुढच्याच वर्षी व्हँकूवरच्या डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' उघडले. एचटीएमएलच्या फाइलीला हात लावायचा नाही, फक्त स्टाइल शीट बदलायची, ही अट. देशोदेशींच्या लोकांनी पाठवलेल्या रचनांतून तिथे दोनशेहून अधिक रूपे जमली. संहिता तीच, पण नेपथ्य दरवेळी निराळे.

या गोष्टीशी आपल्या मराठीचेही नाते आहे. त्या काळी बहुतेक मराठी स्थळांचा फॉन्ट ज्याचा त्याचा असे. पडद्यावर 'क' दिसे, पण फाइलीत साठवलेले असे भलतेच रोमन अक्षर किंवा चिन्ह. म्हणजे अक्षर नव्हतेच, होते ते अक्षराचे सोंग! फॉन्ट गेला की लेख गेला. त्या काळातले कितीतरी लिखाण आज उघडले तर निव्वळ चिन्हांची रास दिसते. देवनागरी १९९१पासून युनिकोडमध्ये होती, पण ती घरोघरच्या संगणकांवर रुळायला वर्षे लागली. युनिकोडने केले तेही हेच: अक्षर वेगळे ठेवले आणि त्याचे वळण वेगळे.

२०१७मध्ये सीएसएसची ग्रिड पद्धत प्रमुख ब्राउझरांत आली. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये काढून घेतला. जुन्या क्लृप्त्या अडगळीत गेल्या. टिकला तो ज्याचा मजकूर आपल्या अर्थासह स्वतंत्र जपला गेला होता.

म्हणून लिहित्या मंडळींना एक विनंती. शीर्षक द्याल तेव्हा नुसते अक्षर ठळक आणि मोठे करू नका, शीर्षकाचा पर्याय निवडा. दिसायला फरक पडणार नाही कदाचित. पण कानांनी वाचणाऱ्या कुणाला तरी नवा भाग कुठे सुरू झाला, ते कळेल.