सुरीला पोवाडा नाही

बी.कॉम. झालेल्या माणसाने इतिहासावर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. इतिहास बी.ए.वाल्यांचा, आमच्या वाट्याला फक्त ताळेबंद. पण इतिहासाच्याच ताळेबंदात मला एक खातं कायमचं राहून गेलेलं दिसतं, आणि ते म्हणजे सुरीचं. तलवारीचं काय विचारता! तिला नाव असतं, म्यान असतं, पोवाडा असतो, वस्तुसंग्रहालयात काचेची पेटी असते. सुरीने बिचारीने रोज माणसांची पोटं भरली, तरी तिच्यासाठी कुणी शाहीर डफावर थाप मारीत नाही. ‘कांदा चिरियेला हो जी जी’ म्हणून कुणाच्या अंगात वीरश्री संचारणार?

राजेलोक मात्र सुरीला वचकून असत. फ्रान्समध्ये पूर्वी पाहुणे जेवायला येताना आपापली टोकदार सुरी घेऊनच येत आणि त्याच टोकाने मांसाचे तुकडे तोंडात घालीत. जेवण झाल्यावर मंडळी त्याच टोकाने दात कोरतात हे पाहून कार्डिनल रिशल्यू वैतागला, अशी एक गोष्ट सांगतात. म्हणजे एकाच अवजाराने जेवण, दात आणि वेळ पडल्यास यजमान, असं सगळंच कोरता येई. अखेर १६६९ साली चौदाव्या लुईने फर्मान काढलं की, सुऱ्यांची टोकं बोथट करा. हॉटेलात पावाबरोबर लोणी फासायला जी निरुपद्रवी सुरी देतात, तिच्या घराण्याचा मूळपुरुष हा असा राजवाड्यातला.

पण सुऱ्यांचं खरं माहेर म्हणजे इंग्लंडातलं शेफिल्ड. चाकं फिरवायला ओढ्यानद्यांचं पाणी आणि धार लावायला जवळपासच्या खाणींतला वालुकाश्म, दोन्ही हाताशी. चौदाव्या शतकात चॉसर या कवीने एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून ठेवला आहे. म्हणजे तेव्हाही या गावाच्या चाकूचं नाव होतं. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिथे सुरीकारांची कंपनी स्थापन झाली. प्रत्येक कारागिराने आपली खूण तिच्याकडे नोंदवायची आणि तीच पात्यावर ठोकायची. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. अहो, ही तर आमची स्पेसिमेन सही!

आता सही आली की खोटी सही आलीच. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचे लोक स्वस्त सुऱ्या करून त्यांवर खुशाल ‘शेफिल्ड’ ठोकू लागले. शेफिल्डकरांनी आरडाओरडा केला आणि १८८७ मध्ये कायदा झाला की, परदेशी मालावर त्याच्या देशाचं नाव हवंच. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द असे बदनामीसाठी मालाच्या कपाळी मारले गेले. पुढे काय झालं ते आपण जाणताच. आमचे एक काका घरातली कात्री दाखवतानासुद्धा ‘मेड इन जर्मनी’ असं आवाज खाली आणून, देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणत.

शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८२२ साली एक चाकू केला. त्याला पाती किती? १८२२! पुढे सालांबरोबर पातीही वाढवत नेली. त्या चाकूने पेरूची फोडसुद्धा करता येत नसेल, पण नाव मात्र झालं. नाव रॉजर्सचं. पाती घासणाऱ्यांचं नव्हे.

त्या घासणाऱ्यांविषयी मी वाचायला नको होतं, असं कधीकधी वाटतं. गरगर फिरणाऱ्या दगडासमोर लाकडी बैठकीवर स्वार व्हायचं, ओणवं होऊन पातं दगडावर दाबायचं आणि उडेल ती दगड-पोलादाची पूड दिवसभर हुंगायची. सुऱ्या ओल्या दगडावर घासत, काटे कोरड्यावर. शेफिल्डच्या डॉ. नाइटने या लोकांच्या दम्याचा अभ्यास केला होता आणि एंगेल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्याचे आकडे दिले आहेत : कोरड्या दगडावरचा माणूस सरासरी जेमतेम पस्तीस वर्षं जगे, ओल्या दगडावरचा क्वचितच पंचेचाळीस ओलांडी. मी चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे हे वाक्य दोनदा वाचलं. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. या कामगारांत सर्वांत जास्त जगत ते अट्टल दारुडे, कारण ते कामावर सर्वांत जास्त दांड्या मारीत. आमच्या हजेरीपुस्तकातल्या काही मंडळींना हा दाखला मी मुद्दामच सांगितलेला नाही.

उपाय नव्हता असं नाही. १८२० च्या सुमारास अब्राहम नावाच्या शेफिल्डकराने पोलादाची पूड ओढून घेणारा लोहचुंबक तोंडापाशी धरण्याची युक्ती काढली होती. कामगारांनी ती मनावर घेतली नाही. काट्यांवर काम करणाऱ्यांचा तर असल्या सुधारणांना विरोधच होता. कारण? धंदा सुरक्षित झाला तर त्यात आणखी माणसं घुसतील आणि मजुरी उतरेल! मागणी-पुरवठ्याच्या नियमावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. त्यात गव्हाचं उदाहरण होतं, चहा-कॉफीचं होतं. स्वतःचं फुप्फुस घालून भाव टिकवणाऱ्या माणसांचं नव्हतं.

याच गावात पोलाद वितळवणाऱ्या एका मजुराच्या पोटी हॅरी ब्रेअर्ली जन्मला. बाराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता तो पोलादाचा जाणकार झाला. १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी धातू शोधताना क्रोमियम घातलेलं, न गंजणारं पोलाद त्याच्या हाती लागलं. ह्याला बंदूक सोडून सुरी आठवली, आणि यातच त्याचं मोठेपण आलं. तोवर लिंबू चिरलं की सुरी काळी पडे; आपल्याकडे लोखंडी विळीवर केळफूल चिरणारीचे हातही काळे आणि विळीही काळी. पण सुरीकारांनी सुरुवातीला त्यालाच नाव ठेवलं : ‘न कापणाऱ्या सुरीचा संशोधक’. नव्या पोलादाला पाणी कसं द्यायचं ते त्यांना साधत नव्हतं, एवढंच. ते साधलं आणि आज घरोघरी स्टेनलेस सुरी आहे.

आमच्याकडेही आहे. सौ.चं मत अजून जुन्या सुरीकारांसारखंच आहे : नुसती चकाकते मेली, टोमॅटो चेचते! म्हणून महिन्यातून एकदा सायकलवाल्या धारवाल्याला हाक मारावी लागते. तो सायकल उभी करतो, पॅडल मारतो आणि चाकाशी तोंड नेऊन ठिणग्यांच्या फवाऱ्यात धार निरखतो. मागच्या खेपेला मी म्हटलं, “मामा, तोंडाला फडकं तरी बांधत जा.”

“जीव गुदमरतो साहेब,” तो म्हणाला, आणि त्याने शेजारच्या वहिनींची विळी मागून घेतली.