मेदपेशीचा निरोप्या कोण?

मेदपेशीची आकृती आपण फळ्यावर नेहमी काढतो : मध्ये चरबीचा मोठा थेंब आणि कडेला ढकलले गेलेले केंद्रक. पण ही पेशी मुळात अशी नसते, हे सांगायचे राहून जाते. तिची पूर्वज, म्हणजे पूर्व-मेदपेशी, लांबुडकी असते आणि तिच्यात चरबीचा थेंब नसतो. आता मेदपेशी व्हायचे, हे तिला कोण कळवते? या प्रश्नाचे उत्तर एकदा हाती आल्यासारखे वाटले आणि निसटले. त्याची ही हकीकत.

सुरुवात झाली ती चरबीचा शोध घेताना नव्हे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज टोडारो व हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या भ्रूणातील पेशींचा एक वाण प्रयोगशाळेत वाढवला. दर ३ दिवसांनी पेशी नव्या बशीत घालायच्या, बशीत ३ लाख पेशी सोडायच्या. म्हणून नाव '३टी३'. (स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तसलाच हा प्रकार!) बशी भरली की या पेशींची वाढ थांबे. ग्रीन पुढे एम.आय.टी.मध्ये गेले. तेथे अशा थांबलेल्या पेशींपैकी काहींत बारीक थेंब जमताना दिसले. ते चरबीचे होते. १९७४ साली ग्रीन व सहकाऱ्यांनी अशा पेशींचे उपवाण वेगळे काढले. त्यांतला '३टी३-एल१' आजही जगभर वापरात आहे. मेदपेशी घडताना डोळ्यांनी पाहता येऊ लागली.

मग प्रश्न आला, ही क्रिया सुरू कशाने होते? १९७६ साली रसेल आणि हो यांनी प्रोस्टाग्लँडिन एफ-२-आल्फा आणि मिथाइल आयसोब्युटिल झँथीन ही दोन द्रव्ये वापरून ती सुरू करून दाखवली. प्रोस्टाग्लँडिने संप्रेरकांसारखी असतात, पण अगदी संप्रेरके नव्हेत. संप्रेरक एखाद्या ग्रंथीतून निघून रक्तावाटे दूर जाते. प्रोस्टाग्लँडिन शरीरातल्या बहुतेक पेशी स्वतःच मेदाम्लापासून बनवतात, ते शेजारच्या पेशीपुरता निरोप देते आणि लवकरच नष्ट होते. १९३०च्या दशकात उल्फ फॉन ऑयलर यांना हे द्रव्य वीर्यात आढळले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते असे वाटल्याने हे नाव पडले आणि चिकटून राहिले.

गंमत अशी, की १९९०च्या दशकात याच एफ-२-आल्फाबद्दल उलट निष्कर्ष आले : ते मेदपेशी घडण्याला अटकाव करते. आज पेशींना द्यायच्या नेहमीच्या मिश्रणात ते नाही. झँथीन मात्र आहे. सोबत डेक्सामेथासोन व इन्शुलिन. दोन द्रव्ये एकत्र वापरली की श्रेय कोणाचे, हा घोळ प्रयोगवहीत नेहमीचाच.

तोवर शोधाचा रोख पेशीच्या आत वळला होता. १९९४ साली बोस्टनमध्ये टोंटोनोझ, हू आणि स्पीगेलमन यांनी पीपार-गॅमा या ग्राहीचे जनुक साध्या तंतुपेशींत घातले आणि त्यांच्या मेदपेशी झाल्या. ग्राही म्हणजे निरोप झेलणारे प्रथिन. हा ग्राही निरोप मिळाला की केंद्रकातील जनुके चालू करतो. कुलूप सापडले, किल्ली? १९९५च्या डिसेंबरात 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी तेच उत्तर दिले : १५-डीऑक्सी-पीजीजे२, म्हणजे पुन्हा एक प्रोस्टाग्लँडिन! त्याच वर्षी मधुमेहावरील ग्लिटाझोन गटाची औषधेही याच ग्राहीला चिकटतात असे दिसले. ती घेणाऱ्यांचे वजन का वाढते, याचे काही अंशी उत्तर त्यात आहे.

सगळे इतके छान जुळले, की पुढे अनेक लेखांत हेच द्रव्य शरीराची स्वतःची किल्ली म्हणून वावरू लागले. पण प्रयोगात बाहेरून घातलेले द्रव्य पेशीत स्वतःहून किती असते? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका गटाने २००३ साली ते मोजले. पूर्व-मेदपेशींभोवतीच्या द्रवात ते होते, पण लिटरमागे एका मोलच्या लक्ष-कोटीव्या भागाच्या आसपास. ग्राही जागा करायला लागणारे प्रमाण याच्या लाखो पट. शिवाय मेदपेशी घडत असताना ते वाढतही नव्हते आणि प्रोस्टाग्लँडिने बनवणारे विकर औषधाने रोखले तरी पेशी चरबी साठवतच राहिल्या.

कुलूप खरे आहे, ग्लिटाझोनची बाहेरून घडवलेली किल्लीही त्याला लागते. शरीराची आपली किल्ली कोणती, यावर अजून एकमत नाही. या ग्राहीला अनेक मेदाम्ले थोडी थोडी लागू पडतात. तेव्हा एकच किल्ली असेल हे गृहीतच कदाचित चुकीचे असेल.