एका घावात मरायचं नाही

बुद्धिबळात प्यादं मेलं की आपण ते उचलून बाजूला ठेवतो. त्याला नाव नसतं, घर नसतं, त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही. पण समजा, तुमच्या हातात एकच प्यादं दिलं आणि सांगितलं, "हा तू." मग खेळाचे नियम तेच राहतील?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा जन्म या प्रश्नातून झाला. मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये बदल करून पगार घेतो. त्यामुळे या खेळाचा इतिहास वाचताना मला ड्रॅगनपेक्षा नियमांच्या दुरुस्त्यांतच जास्त रस वाटला.

सुरुवात चार पानांची आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. जेफ पेरेनने मध्ययुगीन लढाया टेबलावर खेळण्यासाठी चारेक पानांचे साधे नियम लिहिले होते. या गावातल्या गॅरी गायगॅक्सने ते हाती घेतले आणि वाढवले. गायगॅक्स शिकागोत विमा कंपनीत होता. १९७० मध्ये ती नोकरी गेली आणि पुढे तो घरीच बूट दुरुस्त करू लागला. १९७१ मध्ये दोघांच्या नावाने 'चेनमेल' ही पुस्तिका निघाली.

मोठ्या लढाईत 'चेनमेल'चा हिशोब सरळ होता. टेबलावरचा एक छोटा सैनिक म्हणजे खरे वीस सैनिक. फासे टाकायचे, आकडा लागला की तो सैनिक उचलायचा. वीस माणसं गेली, पुढे चला. पुस्तिकेच्या शेवटी मात्र चौदा पानांची एक पुरवणी होती, जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन यांच्यासाठी.

ही पुरवणी म्हणजे जुगाड होता, तोही उत्तम. 'हिरो' म्हणजे काय? चार माणसांच्या बळाने लढणारा एक माणूस. 'सुपरहिरो' म्हणजे आठ. जादूगाराचा आगीचा गोळा किती जागेत मारा करतो? मोठ्या दगडफेक्या यंत्राइतक्या. त्याची वीज? जड तोफेइतक्या. यंत्राचे आणि तोफेचे नियम आधीच लिहिलेले होते. जुनंच फंक्शन नव्या नावाने बोलावलं आणि मध्ययुगात जादू आली.

आता शेजारच्या मिनेसोटात जाऊ. तिथे डेव्हिड वेसलीने १९६९ मध्ये 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ रचला होता. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एक भूमिका. कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यापीठाचा कुलपती. खेळाडू ठरलेला क्रम सोडून आपसात कारस्थानं करत बसले, आणि वेसलीला वाटलं, खेळ फसला. खेळाडू मात्र पुन्हा खेळायला मागत होते.

त्यांतला एक डेव्ह अर्नेसन, इतिहासाचा विद्यार्थी. १९७१ मध्ये त्याने ही भूमिकांची कल्पना उचलून 'ब्लॅकमूर' हे स्वतःचं राज्य उभं केलं. किल्ला, त्याखालची भुयारं, भुयारांत राक्षस. लढाईसाठी त्याने 'चेनमेल'चे नियम वापरून पाहिले, आणि तिथेच गाडी अडली. फासा वाईट पडला की माणूस संपला. वीस अनामिक सैनिक मेले तर चालतं. पण चार शनिवार तुम्ही ज्याच्या तोंडून बोललात, तो एका फाशात कसा मरेल?

अर्नेसनने पुढे मुलाखतींत यावरचा उपाय कुठून आला ते सांगितलं आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांच्या लढाईसाठी त्याने पूर्वी नियम केले होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. त्याचं चिलखत किती जाड हे आधी बघायचं, आणि लागलेला प्रत्येक गोळा त्याच्या शिल्लक ताकदीतून वजा करायचा. हाच हिशोब त्याने माणसांना लावला. राक्षस एका घावात मेला तर खेळाडूंची हरकत नव्हती, आपण एका घावात मरायला नको, एवढंच त्यांना हवं होतं.

आज मोबाइलवरच्या कितीतरी गेममध्ये डोक्यावर हिरवी पट्टी कमी कमी होत जाते, ती याच वजाबाकीची नात. आणि माणूस जगला की पुढच्या शनिवारी परत येतो. मग त्याचा अनुभव, त्याची तलवार, त्याचं सोनं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं.

१९७२च्या अखेरीस अर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्सला 'ब्लॅकमूर' खेळवलं. त्याच्या वीसेक पानांच्या टिपणांवरून गायगॅक्सने दीडशे पानांचा मसुदा तयार केला. जानेवारी १९७४ मध्ये खोक्यात तीन पुस्तिका घालून खेळ विक्रीला आला. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार.

गंमत म्हणजे हे पहिलं व्हर्जन स्वतःच्या पायांवर उभंच नव्हतं. ते खेळणाऱ्याला 'चेनमेल' आणायला सांगत होतं. रानावनातल्या प्रवासासाठी तर 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट घ्यायला सांगत होतं. वीस बाजूंच्या फाशाने लढायची पद्धत पुस्तिकेत होती, पण 'पर्यायी' म्हणून. कालांतराने हा पर्यायच मुख्य रस्ता झाला आणि 'चेनमेल' मागे पडलं.

मागे माणसंही पडली. पहिल्या खोक्यावर गायगॅक्स आणि अर्नेसन अशी दोन नावं होती. पुढे 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचं नाव आलं. १९७९ मध्ये अर्नेसन मानधनासाठी कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. चार पानांचा पेरेन आणि 'फसलेल्या' खेळाचा वेसली तर नेहमीच्या गोष्टीत येतही नाहीत.

खेळ नक्की कुणाचा, यावर चाहते आजही भांडतात. मला दोन्ही बाजू ओळखीच्या वाटतात. ज्याच्या डोक्यात सगळं चालतं पण कागदावर काही नाही, असा माणूस मी टीममध्ये पाहिलाय. दुसऱ्याच्या डोक्यातलं नीट लिहून काढणारा आणि मग ते आपलंच समजू लागणाराही पाहिलाय. खरं सांगायचं तर हा दुसरा एकदा मीच होतो. अनोळखी माणसाला खेळता येईल असं गायगॅक्सने लिहिलं नसतं, तर 'ब्लॅकमूर' मिनेसोटाबाहेर फारसं गेलं नसतं. पण अर्नेसनच्या टेबलावर तो माणूस जगला नसता, तर लिहायला होतं काय?

गेल्या पावसाळ्यात पुण्यात मित्राच्या फ्लॅटवर आम्ही चौघे खेळत होतो. माझ्या चोराकडे दोन पॉइंट उरले होते. समोर ड्रॅगन नव्हता, साधा उंदीर होता. तरी फासा टेबलावरून खाली गेला तेव्हा चौघेही मोबाइलचा टॉर्च लावून सोफ्याखाली वाकलो.