डबा उघडल्यानंतर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या वाण्याकडे कॉफी मिळायची ती कच्ची, हिरवट बी, गोणीतून मोजून. ती टिकवायची कशी, हा प्रश्न घरात फारसा कुणाला पडत नसे. कोरड्या जागी ठेवलेली कच्ची बी अनेक महिने राहते. कष्ट होते ते पुढचे. चुलीवर तवा ठेवायचा, धूर डोळ्यांत घेत बी परतत राहायची आणि एवढं करून अर्धी बी करपायची, अर्धी कच्चट राहायची. मग हातचक्कीवर दळण. पण लागेल तेवढीच भाजायची पद्धत असल्यामुळे कॉफी शिळी व्हायला सवडच मिळत नसे.

कच्च्या बीला हवा बाधत नाही असं मात्र नाही. मलबारच्या किनाऱ्यावरून युरोपला निघालेली कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालत महिनोन्महिने प्रवास करी. समुद्राच्या दमट हवेनं ती फुगायची, पिवळट पडायची, तिचा आंबटपणा कमी व्हायचा. युरोपातल्या लोकांना नेमकी तीच चव आवडू लागली. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, आगबोटींनी प्रवासाचे दिवस घटवले आणि बी पूर्वीसारखी ‘बिघडेना’. त्यावरची युक्ती अशी, की मंगळुरूकडच्या गोदामांत कॉफी पसरायची आणि तिला मुद्दाम पावसाळी वारं लागू द्यायचं. ‘मान्सून्ड मलबार’ नावानं ती आजही विकली जाते.

भाजलेल्या कॉफीचे असे लाड होत नाहीत. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याच्याबरोबर सुगंधही जातो. आत शिरणारा ऑक्सिजन तेलकट अंशाला खवट करतो. बी दळली, की हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि दिवसांचं काम तासांवर येतं. म्हणजे भाजण्याची कटकट घरातून कारखान्यात न्यायची, तर कारखान्याला आधी हवेशी झुंजणं भाग होतं.

पिट्सबर्गच्या जॉन आणि चार्ल्स आरबकल या किराणा व्यापारी भावांनी 1865 च्या सुमारास भाजलेली कॉफी पौंडाच्या कागदी पुड्यांत विकायला सुरुवात केली. जॉननं 1868 मध्ये पेटंट घेतलं ते बीला लेप देण्याचं. या लेपात मुख्य भर होता अंडी आणि साखरेवर. बीची छिद्रं बुजवून वास आतच कोंडायचा, अशी ती कल्पना. त्यांची ‘अरिओसा’ कॉफी पश्चिमेकडच्या गुराख्यांमध्ये एवढी खपली, की तिकडे आरबकल म्हणजेच कॉफी असं समीकरण झालं. पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असे. तळावरचा आचारी ती कांडी दाखवून कॉफी दळायला गडी मिळवायचा, असं सांगतात. या लेपाचं शेपूट भलतीकडेच गेलं. लेपासाठी ढिगानं साखर घेणारे आरबकल पुढे साखरच पुड्यांत भरून विकू लागले. त्यावर साखरसम्राट हेन्री हॅवमायरनं टोलेडोची एक कॉफी कंपनी विकत घेऊन त्यांच्याशी दरयुद्ध मांडलं.

पुढची उडी लोण्यावरून आली. सॅन फ्रान्सिस्कोचे हिल्स बंधू लोणीही विकत. ते टिकावं म्हणून हवा काढून डबाबंद करण्याची तजवीज त्यांनी वापरून पाहिली होती. तिचं पेटंट एडविन नॉर्टन यांचं. 1900 मध्ये हिल्स बंधूंनी तीच कॉफीला लावली. निर्वात डबा फोडताना होणारा ‘फुस्स’ आवाज पुढे कॉफीच्या ताजेपणाची खूणच होऊन बसला. इतरांनी ही रीत उचलायला मात्र बरीच वर्षं घेतली.

पण निर्वात डब्याची एक गोची होती. नुकतीच भाजलेली कॉफी लगेच कोंडली, तर तिच्यातल्या वायूनं डबा फुगतो. म्हणून ती आधी मोकळी ठेवायची, वायू जाऊ द्यायचा, मग भरायची. वायूबरोबर सुगंध जायचा तो जायचाच. म्हणजे जे राखण्यासाठी एवढा खटाटोप, त्यातलं थोडं आधीच सोडून द्यावं लागे. आणि घरी डबा उघडला, की बाकीच्याही संरक्षणाचा मामला तिथेच संपला!

बोस्टनची चेस अँड सॅनबॉर्न कंपनी 1929 मध्ये स्टँडर्ड ब्रँड्समध्ये विलीन झाली. तिथे फ्लाइशमान यीस्टच्या गाड्या दुकानोदुकानी नियमित फिरतच होत्या. नाशवंत यीस्टबरोबर कॉफीचे तारीख घातलेले डबेही जाऊ लागले. शिळी कॉफी म्हणजे घरात भांडण, असा धोशा जाहिरातींनी लावला. त्याचं टोक 1952 च्या एका जाहिरातीत दिसतं. नवऱ्यानं बायकोला मांडीवर पालथं घेतलं आहे आणि मारायला हात उगारला आहे. अपराध एवढाच, की तिनं दुकानात डबा तपासून घेतला नाही. या डब्याचं झाकण आतल्या दाबानं वर फुगलेलं असे. अंगठ्यानं दाबून पाहायचं, घट्ट लागलं तर कॉफी ताजी. आज ते चित्र पाहवत नाही. पण त्यात एक गोष्ट उघड दिसते: टिकवण्याचं तंत्र कारखान्याचं, आणि शिळेपणाचा दोष मात्र घरच्या बाईचा.

इटलीत वेगळा विचार झाला. ट्रिएस्टच्या फ्रांचेस्को इली यांनी 1930 च्या दशकात डब्यातली हवा काढून तिथे निष्क्रिय वायू दाबानं भरला. निर्वात डब्याच्या गोचीवर सुटसुटीत उतारा सापडला तो 1960 च्या दशकात, मिलानच्या लुइजी गोलिओ यांच्या झडपेत. वायू पिशवीबाहेर जाईल, पण हवा आत येणार नाही. आज पाकिटावर बटणाएवढं चकतीसारखं काही असतं, ती हीच झडप. ग्राहक ते दाबून वास घेतात. कॉफी मोकळी ठेवून वाट पाहण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

पाकीट कापल्यावर मात्र झडपेचाही इलाज चालत नाही. उरते ती घरची बरणी: घट्ट झाकणाची, उजेडापासून दूर, शेगडीच्या बाजूला नको, आणि शक्यतो कॉफी भरून जेमतेम जागा राहील एवढीच. फ्रिज हा तर फसवा आसरा. बाहेर काढलेल्या गार भुकटीवर हवेतला ओलावा धरतो आणि कालच्या भाजीचा वासही ती शोषून घेते.

माटुंग्याच्या दक्षिणी दुकानांत हा सगळा इतिहास मागे सरकल्यासारखा वाटतो. चिकोरी किती, दळण जाड की बारीक, एवढं विचारून माणूस समोर बी दळतो. पाव किलोच न्यायची, संपली की परत यायचं. पुडा हातात पडतो तेव्हा कोमट असतो. घराकडे निघालेल्या लोकलच्या डब्यात मग शेजारचा माणूस मान वळवून पाहतो, कारण पिशवीतून वास सुटलेला असतो, आणि घरच्या डब्यात जाईपर्यंत तेवढा कमी झालेला असतो.