नळीतली चावी

बिटकॉइनची चावी म्हणजे शेवटी २५६ बिटांचा एक आकडा. तो ज्याच्या हाती, नाणं त्याचं. हरवला तर दाद मागायला बँकही नाही. हा आकडा कृत्रिम डीएनएत लिहून ठेवायची कल्पना मात्र तिजोऱ्या बनवणाऱ्यांची नव्हे. तिचं कूळ शोधू लागलं की आधी भेटते ती हेरगिरीची हौस.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात कॅथरीन क्लेलँड, व्हिव्हियाना रिस्का आणि कार्टर बँक्रॉफ्ट यांनी नॉर्मंडीच्या चढाईचा दिवस आणि ठिकाण डीएनएत लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर अख्खं पान टिंबाएवढं बारीक करून पत्रात दडवत. त्याच धर्तीवर यांनी संदेशाचा धागा माणसाच्या डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळला, गाळणकागदावर टिपला, त्याचा ठिपका कापून पत्रातल्या पूर्णविरामावर डकवला आणि पत्र चक्क टपालात टाकलं. धाग्याच्या दोन्ही टोकांची अक्षरं ज्याला माहीत, त्यालाच पीसीआरने, म्हणजे नेमक्या तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या पद्धतीने, तो त्या गर्दीतून उचलता येणार.

डीएनएत माहिती साठवण्याची शाखा वेगळी. इंग्लंडमधल्या हिंक्स्टनचे शास्त्रज्ञ निक गोल्डमन आणि युअन बर्नी यांना हॅम्बुर्गच्या हॉटेलात बिअर पिताना ती सुचली. २०१३ साली त्यांनी शेक्सपिअरची १५४ सुनीतं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा तुकडा डीएनएत उतरवून दाखवला. डीएनएच्या चार अक्षरांपैकी तेच अक्षर लागोपाठ आलं की वाचणारी यंत्रं चुकतात. म्हणून त्यांनी नियम केला: आधीचं अक्षर सोडून उरलेल्या तिघांतलंच पुढचं घ्यायचं. साहजिकच माहिती आधी शून्य, एक, दोन अशा त्रिमान आकड्यांत बदलावी लागली. मला या सगळ्या प्रकरणात हीच युक्ती सर्वांत आवडते.

पण लिहिलेलं वाचून बघणारे कुठून आणायचे? जानेवारी २०१५ मध्ये दावोसच्या परिषदेत गोल्डमननी श्रोत्यांना डीएनएच्या नळ्या वाटल्या. आत एका बिटकॉइनची चावी, जो वाचेल त्याची. मुदत तीन वर्षं. म्हणजे चावी तिथे ठेव नव्हती, आमिष होती. तेव्हा त्या नाण्याची किंमत दोनशे-अडीचशे डॉलर. मुदत संपायला आठवडाही उरला नसताना बेल्जियमच्या सँडर वाउट्सने ते कोडं सोडवलं. हा अँटवर्पचा विद्यार्थी एरवी गाजराच्या आंबवलेल्या रसातले जिवाणू अभ्यासायचा. तोवर नाणं दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं होतं.

२०१८ सालीच अमेरिकेत कार्व्हर नावाच्या कंपनीने वॉलेटचे पासवर्ड डीएनएत भरून द्यायचा धंदा काढला.

टिकाऊपणाबद्दल शंका नको. झुरिकच्या रॉबर्ट ग्रास यांच्या गटाने २०१५ साली डीएनए सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच, कणांत बंद करून गरम ठेवला आणि तो किती झपाट्याने झिजतो ते मोजलं. त्यावरून थंडीत तो हजारो वर्षं टिकेल असा त्यांचा हिशेब आहे. अडचण आहे ती गुप्ततेची. एका अक्षरात दोन बिटं धरली तर चावी १२८ अक्षरांत बसते, पण तो धागा घरी विणता येत नाही. धागा बनवणाऱ्या कंपनीला अक्षरांचा क्रम कळवावा लागतो, आणि तो कळवला की चावीच दिली. शिवाय टोकांची अक्षरं माहीत असतील तर नळी हाती लागलेला कुणीही पीसीआरने आतल्या धाग्याच्या लाखो प्रती काढू शकतो. म्हणून चावी पाठवण्याआधी पासवर्डने कुलूपबंद करायची, आणि मग तो पासवर्ड नातवंडांपर्यंत पोचवायची वेगळी सोय बघायची.