वऱ्हाडचा कापूस आणि मतलईचा वारा

अमरावती आणि अकोला ही समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेली शहरे असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडच्या कापसाचे नशीब कोकणच्या शिडाच्या होड्यांशी बांधलेले होते, ही गोष्ट वऱ्हाडच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. सुरुवातीला येथील कापूस बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नदीने कलकत्त्याला पोचे. 1842 साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने लाखभर बैलांवर कापूस या वाटेला लावल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. मात्र त्याआधीच, 1825-26 च्या सुमारास, पेस्तनजींच्या पारशी पेढीने कापसाचे तांडे पश्चिमेकडे, मुंबईला, धाडण्यास आरंभ केला होता.

सह्याद्री उतरलेल्या मालाला मुंबई बेट गाठण्यासाठी पाणी ओलांडावेच लागे, म्हणून पनवेल, कल्याण, भिवंडी या खाडीकाठच्या बंदरांत तो बैलांवरून उतरून पडावांत, म्हणजे मोठ्या मालवाहू होड्यांत, चढे. याच बंदरांना दक्षिणेकडून मचवे, गलबते आणि फतेमाऱ्या येत, आणि त्यांचा प्रवास समजून घेतल्याशिवाय या व्यापाराचे वेळापत्रक उलगडत नाही. पुढे कललेल्या डोलकाठीवर लांब परबाण, म्हणजे शीड बांधण्याचा तिरपा वासा, चढवलेली ही जहाजे भर समुद्रात सहसा जात नसत; ती किनारा नजरेआड होऊ न देता बंदरामागून बंदर घेत चालत. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि डोंगराकडून पाण्याकडे वारा सुटतो, त्याला मतलई म्हणतात. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा येतो. उत्तरेकडे जाणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मतलईवर पहाटेपर्यंत अंतर कापी आणि वारा उलटला की खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबे. किनाऱ्यावरचा हा मुक्काम विश्रांतीपुरता नव्हता, कारण तेथेच गोडे पाणी भरायचे, नारळ, सुपारी, काथ्या घ्यायचा आणि भरतीची वाट पाहायची असे. भरतीच्या पाण्यावर होड्या सावित्रीतून महाडपर्यंत आणि वाशिष्ठीतून चिपळूणपर्यंत, अगदी घाटाच्या पायथ्याशी, पोचत. नकाशावर अरुंद दिसणाऱ्या या खाड्याच कोकणचे खरे राजमार्ग होते, आणि त्यांवरून कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी अशा समाजांतील खलाशांनी पिढ्यान्‌पिढ्या माल वाहिला. त्यांच्या या कौशल्याची दखल व्यापाराच्या इतिहासाने अगदीच तोकडी घेतली आहे.

वऱ्हाडात कापसाची वेचणी दिवाळीनंतर सुरू होई आणि बैलांचे तांडे समुद्राकडे येईतो उन्हाळा तोंडावर असे. वैशाख सरता सरता दर्या खवळू लागे, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहीपर्यंत किनारी वाहतूक बंद राहे. उशीर झालेला, धड न दाबलेला, धुळीने मळलेला कापूस पावसात सापडून भिजे, आणि वाटेवरच्या या नुकसानीचा भुर्दंड भावाच्या रूपाने अखेर शेतकऱ्यावर पडे. परतीच्या बैलांच्या गोण्यांत तांडे हाकणारे बंजारे कोकणचे मीठ भरून आणीत, त्यामुळे ज्याने समुद्र कधी पाहिला नाही अशा वऱ्हाडी कुटुंबाच्या भाकरीतही समुद्र होताच.

1853 साली मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला, पुढच्याच वर्षी ठाण्याची खाडी पुलाने ओलांडून तो कल्याणला पोचला आणि 1867 पर्यंत अकोला, बडनेरा मागे टाकून नागपूरपर्यंत गेला. कोकणात शिडाच्या होड्या त्यानंतरही अनेक दशके मतलईवर चालत राहिल्या. मात्र अकोल्याहून निघालेल्या कापसाच्या गठ्ठ्याला मुंबई गाठण्यासाठी होडीत चढण्याची गरज उरली नाही.