क्लोझ चाचणी

क्लोझ चाचणी : उताऱ्यातील गाळलेले शब्द आजूबाजूच्या मजकुरावरून ओळखून भरण्याची भाषिक चाचणी. अमेरिकन संशोधक विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मजकुराची सुबोधता मोजण्यासाठी मांडली (पहा : वाचनीयता). अपुरी आकृती मन पूर्ण करून पाहते, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे (पहा : व्यूह मानसशास्त्र).

पहिले वाक्य सहसा अखंड ठेवून पुढे ठरावीक अंतराने, बहुधा दर पाचवा ते सातवा, शब्द गाळतात. काही प्रकारांत पर्याय दिलेले असतात. मराठीत लिंग, वचन व क्रियापदाची निवड हे प्रमुख संकेत होत. ‘तिने नवी — नेसली’ यात ‘नवी’मुळे नपुंसकलिंगी ‘लुगडे’ बाद होते. ‘ओढणी’ स्त्रीलिंगी असली तरी ती नेसत नाहीत, घेतात. ‘साडी’ आणि ‘पैठणी’ मात्र दोन्ही बसतात. निवाडा आधीच्या वाक्यांवरून करावा लागतो. म्हणून गुणदानाच्या दोन पद्धती आहेत : केवळ मूळ शब्द ग्राह्य धरणे किंवा अर्थास जुळणारा कोणताही शब्द स्वीकारणे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये मराठीत नामाला जोडून येतात. त्यामुळे एका गाळलेल्या जागी शब्द आणि त्याचे रूप अशा दोन्हींची परीक्षा होते.

द्वितीय भाषेच्या प्रावीण्यमापनात ही चाचणी रूढ आहे. भारतातील बँक भरती परीक्षांच्या इंग्रजी विभागातही ती आढळते. अनेक जागा लगतच्या दोन-चार शब्दांवरूनच भरता येत असल्याने तिच्यातून संपूर्ण उताऱ्याचे आकलन कितपत कळते, याविषयी मतभेद आहेत (पहा : भाषा-मूल्यमापन).